साखरेचे सराफ

आमच्या गावाबद्दल एक म्हण आहे, 'जालना सोने का पालना'. बाहेरगावचा माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत ही म्हण मला ऐकवतो आणि हळूच माझ्या बोटांकडे बघतो. बोटांत काही नसतं. मनगटावर लग्नातलं घड्याळ असतं, तेही बंद. मग तो विषय बदलून मोसंबीवर येतो. मोसंबीचं आमच्याकडे बरं चाललंय. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लोखंडी सळ्यांचंही बरं आहे, बियाण्याचंही बरं आहे. सोन्याचा पाळणा मात्र मी अजून पाहिलेला नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी जन्मला आणि मीही त्याच वर्षीचा. दोघांच्याही विकासाचं काम तेव्हापासून सुरूच आहे.

तरीही आमच्या घरी दागिने घडतात. डिसेंबर लागला की पुढच्या खोलीत हार, बाजूबंद, कंबरपट्टे, नथी, बिंद्या, मुकुट असा ऐवज पसरतो. एखाद्या संस्थानच्या राणीला हेवा वाटावा. पण खोलीला कुलूप नाही, घरात तिजोरी नाही, दारात बंदूकवाला नाही. आम्ही चोराला भीत नाही, मुंगीला भितो. कारण आमचे दागिने साखरेचे असतात. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर आणि बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर घालतात ते, हलव्याचे.

दागिना म्हणजे पुढच्या पिढीसाठी ठेव, असं म्हणतात. आमचा दागिना पुढची पिढी अंगावर असतानाच खाते.

आमची पेढी चार माणसांची. आई मुख्य कारागीर. बायको मालक, व्यवस्थापक आणि वेळप्रसंगी पोलीस. लेक कॉलेजात शिकते आणि फोटो काढून मोबाइलवर टाकते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. शिवाय डबे पोचवणं, दोरा संपला की सदर बाजारात पळणं, आणि "अहो, जरा इथं बोट ठेवा." हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही. पाडायला गेलं की तो फुटतो. म्हणून दोन पदरी दोऱ्यात दाणा धरून मागेपुढे गाठ मारतात. दाण्याचे काटे दोऱ्याला धरून बसतात. गाठ आवळेपर्यंत कुणीतरी त्यावर बोट ठेवावं लागतं. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मला स्वतंत्रपणे सांभाळायला मिळालेलं हे एकमेव खातं.

धंद्याची सुरुवात ठरवून झाली नाही. अठरा वर्षांपूर्वी लेकीचं बोरन्हाण होतं. आईनं घरीच हलवा केला, बायकोनं हार ओवला. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, हार उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "आमच्या सुनेची पहिली संक्रांत आहे पुढच्या वर्षी. तेवढं बघा बाई." बायकोला वाटलं, काकू पैसे देतील. काकूंना वाटलं, शेजारधर्म आहे. त्यांनी तिळाचे चार लाडू आणि एक स्टीलची वाटी दिली. ती वाटी अजून आमच्याकडे आहे. पेढीचं मूळ भांडवल म्हणून मी ती वहीत लिहून ठेवली आहे.

आता हा हलवा कसा होतो, ते सांगायला हवं. कारण ज्यानं तो होताना पाहिलेला नाही, त्याला तो सोपा वाटतो.

साखरेचा पाक करायचा. उकळी आली की त्यात चमचाभर दूध टाकायचं, म्हणजे साखरेतली मळी वर येते. ती काढून टाकली की पाक काचेसारखा स्वच्छ होतो. मग परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा. बारीक हलव्याला खसखस, मधल्याला तीळ, मोठ्याला साबुदाणा. लांबट दाणा हवा तर कलिंगडाच्या बिया. पदकाच्या खाली लोंबायला लवंग. परात मंद आचेवर ठेवायची, चमच्यानं चार थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी हलक्या हातानं फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चार थेंब. पुन्हा फिरवायचं. असं एकदा नाही, दहादा नाही, तीन-चार दिवस. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना मिठी मारून बसतात. आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. कमी झाली तर गुळगुळीत राहतो, काटा येत नाही. आणि काटा नसलेला हलवा म्हणजे आईच्या भाषेत 'औषधाच्या गोळ्या'.

आई परातीपुढे बसली की घरात बोलायची बंदी असते. तिचं म्हणणं असं की हलव्याला लक्ष लागतं आणि आम्ही तोंड उघडलं की तिचं लक्ष जातं. एकदा मी तिला मदत करतो म्हणालो. वीस मिनिटांत माझ्या पाची बोटांना चटके बसले आणि परातीत एक गोळा तयार झाला. क्रिकेटच्या चेंडूएवढा. आईनं तो बघितला आणि म्हणाली, "हा आता हारात घालायचा म्हटलं तर सून वाकूनच चालेल." त्या दिवसापासून माझं बोट फक्त गाठीवर.

हलव्याला थंडी लागते, तीही कोरडी. त्या बाबतीत मराठवाडा नशीबवान. पावसाळ्यात जे मिळत नाही ते हिवाळ्यातही नसतं, म्हणजे ओल. पण मध्येच अवकाळी ढग येतात. इथून जवळच कडवंची नावाचं गाव आहे, द्राक्षांसाठी नाव कमावलेलं. आभाळ भरून आलं की कडवंचीचा द्राक्षवाला आणि आमची आई एकाच वेळी वर बघतात. फरक इतकाच की त्याच्या नुकसानीचा पंचनामा होतो. आमचा हलवा ओलसर झाला तर पंचनाम्याला फक्त मुंग्या येतात.

मुंग्यांचा उल्लेख मी तक्रार म्हणून करत नाही. सोन्याला हॉलमार्क असतो, त्यावर सहा अक्षर-आकड्यांची खूण असते, ती मोबाइलवर तपासता येते. आमच्या मालाचा हॉलमार्क म्हणजे मुंगी. बाजारात हल्ली थर्माकोलच्या गोळ्यांचे सेटही मिळतात, दुरून अगदी हलव्यासारखे दिसतात. सोन्याला जसं बेन्टेक्स, तसं हे हलव्याचं बेन्टेक्स. ते पाच वर्षं टिकतं, पावसाला भीत नाही आणि स्वस्तही पडतं. ते घेऊन कुणी आमच्याकडे तुलना करायला आलं की बायको दोन्ही हार शेजारी शेजारी ओट्यावर ठेवते आणि म्हणते, "दहा मिनिटं बसा, चहा करते." चहा होईपर्यंत मुंग्या निकाल देतात. आजवर एकाही मुंगीनं फिरवाफिरवी केलेली नाही.

घरात मतभेद आहेत, पण ते तात्त्विक आहेत. आईचा पक्ष दोऱ्याचा, लेकीचा पक्ष डिंकाच्या बंदुकीचा. लेक म्हणते, "आजी, पुठ्ठ्यावर दाणे चिकटवले की कंबरपट्टा तासात होतो." आई म्हणते, "अन् तो खायचा कसा?" लेक म्हणते, "आजकाल कुणी खात नाही गं. फोटो काढतात." आई म्हणते, "मग दगडाचेच घाला की." हा वाद तीन संक्रांती चालला. शेवटी तह झाला. साखरेला जे लागेल ते दोऱ्यानंच, पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडताना मात्र डिंक चालेल. हा तह बायकोनं घडवून आणला. दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असं वाटतं, म्हणून तो टिकून आहे.

बायकोची गाठ हा या सगळ्याचा कणा. सराफ्यात दुकानांच्या पायरीशी पटवेकरी बसतात, पोत ओवून देणारे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या काकांपुढे ती मंगळसूत्र गाठवायला म्हणून बसली आणि उठली ती सरकती गाठ शिकूनच. त्यांनी विचारलं, "पोरी, सोन्याचे मणी गाठवायचेत का?" ती म्हणाली, "नाही काका, साखरेचे." काकांनी काम थांबवून तिच्याकडे बघितलं. "साखरेला माझी गाठ?" असं म्हणून ते हसले आणि मग गाठ आणखी सावकाश, दोनदा करून दाखवली.

आता गिऱ्हाईक. सुनेचा सेट म्हणजे हार, मंगळसूत्र, नथ, कानातले, बिंदी, बाजूबंद, बांगड्या आणि कंबरपट्टा. काळ्या साडीवर तो पांढराशुभ्र साज इतका खुलतो की मीसुद्धा बोलून जातो, "छान दिसतंय." जावयाला हार, गुच्छ आणि हलव्यानं मढवलेला नारळ. पूर्वी एवढ्यावर जावई खूश असे. मग हलव्याचं घड्याळ आलं. मग मोबाइल आला. मागच्या वर्षी एका जावईबापूंच्या सासूबाई डबा परत घेऊन आल्या. "मोबाइल बदलून द्या."

"का हो काकू, दाणे निघाले का?"

"दाणे नाही निघाले. पण ते म्हणतात, कॅमेरा एकच आहे. त्यांचा तीन कॅमेऱ्यांचा आहे."

बायकोनं लवंगा लावून आणखी दोन कॅमेरे बसवून दिले. एका शेतकरी घरातून ट्रॅक्टरची मागणी आली. तोही केला, ट्रॉलीसकट. दुसऱ्या दिवशी फोन आला, ट्रॅक्टर जावयाच्या पुतण्यानं पळवला आणि पुढचं चाक खाल्लं.

बोरन्हाणाचे सेट त्याहून नाजूक. बाळाला मुकुट, हार, मनगट्या, कमरपट्टा आणि बासरी घालून कृष्ण करायचं, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे आणि हल्ली चॉकलेटं ओतायची. बाजूची पोरं ती वेचायला तुटून पडतात आणि कृष्ण भोकाड पसरतो. एकदा एका ताईंचा फोन आला, आवाज चढलेला. "तुमच्या सेटमध्ये बासरी कमी आली. फोटोत बघा, बाळाच्या हातात नुसती काडी आहे." लेकीनं त्यांनी पाठवलेले फोटो क्रमानं लावले. पहिल्या फोटोत बासरी पूर्ण. तिसऱ्यात अर्धी. पाचव्यात बाळाचं तोंड पांढरं आणि चेहऱ्यावर समाधान. मूळच्या कृष्णानं लोणी चोरून खाल्लं होतं, यानं निदान स्वतःची बासरी खाल्ली. ताईंना फोटो क्रमानं परत पाठवले. उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षी पुतणीसाठी राधेचा सेट सांगायला त्याच आल्या.

गिऱ्हाइकांचं प्रेम आहे. प्रश्न फक्त भाव सांगायच्या क्षणाचा. दर हंगामात तोच संवाद होतो, पात्रं बदलतात.

"सुनेचा सेट केवढ्याला?"

"नऊशे, ताई."

"नऊशे? साखरेचा?"

"हो."

"साखर काय भाव आहे हो सध्या?"

इथं बायको गप्प राहते. गप्पच राहायचं असतं. पण मी पडलो मास्तर. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. "चव्वेचाळीस रुपये किलो," मी सांगतो.

"अन् यात साखर किती असेल?"

"चारशे ग्रॅम."

"म्हणजे अठरा रुपये झाले!" माझी विद्यार्थिनी असती तर मी पाठ थोपटली असती. "अन् तुम्ही नऊशे लावू राहिले?"

मग सातशेवर तोडपाणी होतं. ताई समाधानानं जातात, आणि बायको माझ्याकडे अशी बघते की बोट आपोआप गाठीवर जातं.

आता गंमत पाहा. त्याच आठवड्यात बायकोच्या कानातल्याचा फासा बदलायला आम्ही सराफ्यात गेलो, तर शेजारच्या गादीवर ह्याच ताई. पाटल्या घेत होत्या. सराफानं पाटल्या तोलल्या, भाव सांगितला. त्यावर बारा टक्के घडणावळ. त्या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. बारा टक्के म्हणजे किती हजार झाले, ते मी मनात काढलं आणि मला घाम आला. ताईंनी विचारलं का, की सोनं जर इतक्याचं, तर हे वरचे कशाचे? छे! त्यांनी विचारलं, "डिझाइन पक्कं आहे ना?" सराफानं त्यांना चहा दिला, लाल मखमली बटवा दिला आणि नव्या वर्षाची दिनदर्शिका दिली. त्या दिनदर्शिकेवर ताई एवढ्या खूश झाल्या की घडणावळ वसूल झाली असंच त्यांना वाटलं असावं.

"बघितलंत?" बाहेर आल्यावर बायको म्हणाली. "सोन्याला घडणावळ असते. साखरेला नुसता भाव असतो."

तोवर हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता.

आमची जात नेमकी कोणती, हाही एक घोळच आहे. एका कार्यालयात नोंदणीचा अर्ज भरायला गेलो, तर खिडकीतल्या साहेबांनी पेन थांबवून विचारलं, "खाद्यपदार्थ की दागिना?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"दोन्ही असं नसतं. खायचं की घालायचं?"

"आधी घालायचं, मग खायचं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, घरी विचार करून या." घरी येऊन विचार केला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्यात अठरा धंदे आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे. सोनार आहे, पण आमच्याकडे सोनं नाही. हार करणारा आहे, पण तो फुलांचा. खेळणी करणाराही आहे, आणि तो ट्रॅक्टर आठवून माझी नजर क्षणभर तिथं थांबली. पण साखरेचा सोनार काही सापडला नाही. एवढ्या मोठ्या सरकारला हे सुचलं नाही म्हणून मी रागावलो नाही. अठरा वर्षं मलाही सुचलं नव्हतं.

संक्रांत ते रथसप्तमी, एवढाच हलव्याचा हंगाम. उरलेले महिने पोट भरायला मणी, गोंडे आणि जर. श्रावणी अमावास्येला पोळा, तेव्हा बैलांच्या माळा. बैलासारखं गिऱ्हाईक नाही. तो घासाघीस करत नाही, आरशात बघत नाही, शेजारच्या बैलाचा गोंडा मोठा आहे म्हणून रुसत नाही. आणि त्याचा मालकही त्या दिवशी उदार असतो. स्वतःच्या चपलेला तीनदा शिलाई मारणारा माणूस बैलाच्या घुंगरमाळेला सांगितले तेवढे पैसे मोजतो. वर म्हणतो, "वर्षभर राबलाय तो." राबणाऱ्याची किंमत शेतकऱ्याला कळते. एवढंच, की ती कळायला आधी चार पाय लागतात.

पोळ्यानंतर महालक्ष्म्या. पुण्या-मुंबईकडे ज्या गौरी, त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांचे दागिने करताना नियम एकच, दोघींचं सगळं सारखं. थोरलीच्या हारात एकशे आठ मणी तर धाकटीच्याही एकशे आठ. एकदा एक मणी कमी पडला, तर एक आजीबाई बसथांब्यापासून परत आल्या. "बाई, देवी काही बोलत नाही. पण माझ्या दोन सुना मोजतात."

तर एकदा असाच महालक्ष्म्यांचा डबा घेऊन मी भोकरदनला गेलो. वाटेत राजूरच्या गणपतीला हात जोडले. ज्यांच्याकडे डबा द्यायचा होता त्या घरचे आजोबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मास्तराच्या घरी मास्तर गेला की चहा दोनदा होतो. डबा उघडून त्यांनी हार बघितला आणि म्हणाले, "तुम्ही आमच्या गावात दागिने विकायला आलात? सर, हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमला दागिने दाखवत होतं."

मला वाटलं, आजोबांचं वय झालंय. पण ते शुद्धीवर होते. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, केळणा नदीकाठचं. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. त्यात मणी निघाले, बांगड्या निघाल्या आणि एक हस्तिदंती मूर्ती निघाली. तिची जोडीदारीण त्याआधीच, १९३८ साली इटलीत सापडली होती, पॉम्पेईत. व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं इ.स. ७९ मध्ये गाडून टाकलेल्या त्या शहरात. दोघींची घडण इतकी जुळते की पॉम्पेईची बाईही इकडचीच असावी, असं काही अभ्यासक मानतात. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आजोबांनी पुस्तकातला फोटो दाखवला. वीतभर उंचीची बाई. गळ्यात भरघोस हार, हातांत बांगड्यांची चळत, पायांत पिंढऱ्या झाकणारे वाळे, कमरेला मेखला. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोघी मदतनीस. वस्त्र म्हणाल तर नाव नाही. मी जरा चोरूनच बघितलं. आजोबा म्हणाले, "बघा की! पूर्ण सेट आहे."

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. आपल्या जिल्ह्यातल्या हातानं घडवलेली बाई जहाजात बसून इटलीला गेली असेल, वगैरे. मला वाटलं, तिला अभिमान वाटेल. तिनं विचारलं, "घडवली कुणी?"

"नाव नाही लिहिलेलं."

"अन् त्याला मिळाले किती?"

"ते कसं कळणार?"

"म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही असंच होतं," ती म्हणाली आणि गाठ मारायला लागली.

मास्तराला वाद हरायला आवडत नाही. मी शोधलं. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचीही माणसं आहेत. पण दान देणाऱ्याचं नाव सगळेच कोरतात, देवळातल्या पंख्यावरही असतं. मला हवं होतं ते दक्षिण तोरणावर सापडलं. हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं, असं तिथं चक्क लिहिलं आहे. दंतकार म्हणजे हस्तिदंताचे कारागीर. मी विजयी मुद्रेनं बायकोला हे सांगितलं.

ती गाठ अर्धी सोडून थांबली. "म्हणजे ते हुशार," ती म्हणाली. "चिठ्ठी लावली त्यांनी." मग म्हणाली, "तुमची वही आणा बरं."

वही मी फार व्यवस्थित ठेवतो. एका सेटचा खर्च: साखर १८ रुपये, तीळ-खसखस-साबुदाणा २२, दोरा-पुठ्ठा-जर-मणी १००, गॅस ३०, डबा ४०. एकूण २१०. विक्री ९००. नफा ६९०. खाली दोन रेघा. अठरा वर्षं मी या दोन रेघा अभिमानानं ओढत आलोय.

"आता वेळ लिहा," बायको म्हणाली.

हलव्याचे वाट्याला येणारे तीन तास आणि ओवण्याचे अकरा, असे चौदा तास झाले. मी भागाकार केला. तासाला एकोणपन्नास रुपये. ताईंनी सातशेला नेला असेल तर पस्तीस. मी पुन्हा भागाकार केला. पुन्हा पस्तीसच. शाळेत मी काळ-काम-वेगाची गणितं शिकवतो. आठ पुरुष किंवा बारा स्त्रिया एक काम इतक्या दिवसांत करतात, असलं उदाहरण फळ्यावर लिहून पोरांना घाम फोडतो. आठ पुरुष बरोबर बारा स्त्रिया हे समीकरण ज्यानं पहिल्यांदा मांडलं, त्यानं कधी हलवा केलेला नसावा. आणि ते फळ्यावर लिहिणाऱ्यानं घरातल्या दोन स्त्रिया कधी गणितात धरल्या नव्हत्या. ज्याला मी नफा म्हणत होतो, ती त्या दोघींची मजुरी होती. नफा त्यानंतर सुरू होतो, आणि तिथवर आम्ही एकदाही पोचलो नव्हतो.

मी आईला म्हणालो, "आई, यापुढे तुझी घडणावळ वहीत लिहायची."

आई हसली. "आता पोराकडून रोज घेऊ का मी? हात काय विकत आणलेत?" आणि परातीकडे वळली. मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिनं सहज विचारलं, "काल ते तासाचे किती म्हणालास? मागच्या अठरा वर्षांचे धरून सांग बरं."

ते गणित मी अजून करतोय.

यंदापासून आमच्या प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते. लेकीनं सुंदर अक्षरात लिहिली आहे. साखर १८ रुपये, इतर सामान १९२ रुपये, घडणावळ ६९०. खाली आईचं आणि बायकोचं नाव, विदिशेच्या दंतकारांसारखं. पहिल्याच गिऱ्हाइकानं चिठ्ठी नीट वाचली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. ताई म्हणाल्या, "साखर तर अगदी स्वस्त लावलीत हो." बायकोनं माझ्याकडे बघितलं. "मग असं करा, घडणावळ तेवढी निम्मी करा."

तेव्हा वाचकहो, संक्रांतीला तुमच्या घरी नवी सून असेल, बोरन्हाणाचं बाळ असेल, तर जरूर या. कुंडलिका ओलांडली की कुणालाही विचारा. चहा मिळेल, गाठीवर ठेवायला बोटही देईन. साखरेचा भाव मात्र मला विचारू नका, मी सांगून बसतो. आणि घासाघीस केल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर आधी सराफ्यात जा, तिथं घडणावळ निम्मी करून दाखवा. जमलं, तर आमच्याकडचा सेट तुम्हाला फुकट.